नौकांचा चरित्रकार : ॲडमिरल पारीस

थोर पुरुषांच्या चरित्रवाचनाने मनुष्याच्या अंगी उत्साह संचारतो व आपल्या कर्तव्याची जाणीव जागृत होते, या हेतूने स्मरणिकेत एखादे चरित्र देण्याचा प्रघात आहे. बहुधा ही चरित्रे आपल्या ज्ञातीतील अगर आपल्या प्रांतातील कर्त्या पुरुषांची असतात, आणि ते योग्यच आहे. यंदा मात्र आम्ही सातासमुद्रापलीकडील एका पुरुषाचे चरित्र ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहो. हा पुरुष जन्माने फ्रेंच, पेशाने आरमारी अधिकारी. सुतारकाम हा त्याच्या कुळाचा धंदा नव्हे. तथापि ज्या अनामिक हातांनी होड्या, मचवे आणि गलबते घडविली, त्या हातांची खरी कदर ज्या थोड्या लोकांनी केली, त्यांत याचे स्थान पहिल्या पंक्तीचे आहे. त्याचे नाव फ्रान्स्वा एदमों पारीस. नौकाशास्त्राच्या व आरमारी इतिहासाच्या अभ्यासकांत हे नाव सर्वश्रुत आहे. आपल्याकडे मात्र ते फारसे कोणास ठाऊक नाही. आपल्या हाती वाकस आणि रंधा पिढ्यान्‌पिढ्या असल्यामुळे या चरित्राशी आपला संबंध इतरांहून अधिक जवळचा आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम एका गोष्टीचा विचार करू. दगडाचे देऊळ शेकडो वर्षे उभे राहते. तांब्याचा पत्रा जमिनीखाली गाडला गेला तरी पुढे कोणा शेतकऱ्याच्या नांगरास लागून वर येतो. लाकडी नौकेचे तसे नाही. खारे पाणी, ऊन आणि किडा यांच्याशी झुंजून ती थकली, म्हणजे तिच्या फळ्या सुट्या करतात. चांगले लाकूड कोणाच्या दाराच्या चौकटीस जाते आणि उरलेले चुलीत. ती बांधणाऱ्याने कागदावर काही काढून ठेवलेले नसते. पठाण किती लांब घ्यावा, नाळ किती कलती ठेवावी, पोटाचा फुगवटा कोठे सुरू व्हावा व कोठे संपावा, हे सारे त्याच्या डोळ्यांत आणि हातांत असते. सूत, ओळंबा आणि वडिलांनी दाखविलेली वाट एवढ्यावर तो समुद्राशी टक्कर देणारी वस्तू निर्माण करतो. त्याचा मुलगा जवळ उभा राहून शिकला तर विद्या पुढे चालते. मुलगा दुसऱ्या कामास लागला तर ती तेथेच संपते. जगातील असंख्य प्रकारच्या नौका याच रीतीने नाहीशा झाल्या आहेत. हे नाहीसे होणे एका मनुष्याने तरुणपणीच ओळखले आणि पुढील साठ वर्षांहून अधिक काळ त्याविरुद्ध पट्टी, पेन्सिल आणि लहान प्रतिकृती यांच्या साहाय्याने झगडा दिला, हेच पारीस यांच्या चरित्राचे सार होय.

पारीस यांचा जन्म २ मार्च १८०६ रोजी पॅरिस शहरी झाला. तो नेपोलियनच्या वैभवाचा काळ होता; परंतु त्यांना कळू लागेपर्यंत नेपोलियनचे साम्राज्य लयास गेले होते. १८२० मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्यांनी अँगुलेम येथील आरमारी विद्यालयात प्रवेश घेतला. हे गाव समुद्रापासून बरेच आत, टेकडीवर वसलेले. दर्यावर्दी घडविण्याची शाळा अशा कोरड्या ठिकाणी काढल्याबद्दल त्या काळी पुष्कळ टीका झाली आणि पुढे ती शाळा तेथून हलविण्यातही आली. जेथे समुद्र नाही तेथे नौकेचे ज्ञान चित्रावरून व नमुन्यावरूनच मिळवावे लागते. नकाशा, रेखाचित्र आणि मोजमाप यांवर पारीस यांचा हात लवकरच बसला, आणि पुढील आयुष्यात हाच हात त्यांच्या उपयोगी पडला.

वयाच्या विसाव्या वर्षी त्यांना पृथ्वीप्रदक्षिणेचा योग आला. ‘आस्त्रोलाब’ नावाचे जहाज द्युमों द्यूर्व्हील या विख्यात नाविकाच्या आधिपत्याखाली १८२६ मध्ये तूलों बंदरातून निघाले व १८२९ मध्ये परतले. न्यूझीलंड, टोंगा, फिजी, न्यू गिनी अशा दूरच्या किनाऱ्यांचे नकाशे काढणे हे त्या सफरीचे काम होते. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी नाहीसा झालेला फ्रेंच नाविक ला पेरूज याच्या जहाजांचे अवशेष याच सफरीत, १८२८ साली, व्हानिकोरो बेटापाशी हाती लागले. तरुण पारीस यांनी हे डोळ्यांनी पाहिले. दोन मोठी जहाजे, त्यांवरची शेकडो माणसे, आणि शेवटी उरले काय तर पोवळ्यांत रुतलेले नांगर आणि तोफा. लाकूड नव्हतेच. ते तर केव्हाच समुद्रार्पण झाले होते.

या सफरीत पारीस यांना एक नवा छंद जडला. इतर अधिकारी किनाऱ्यावर उतरून पक्षी, शिंपले व वनस्पती गोळा करीत. पारीस तेथील लोकांच्या होड्या मोजीत. टोंगा व फिजी बेटांतील जोडहोड्या, म्हणजे दोन लांब होड्या आडव्या तुळयांनी एकत्र बांधून त्यांवर माची व शीड उभारलेली नौका, त्यांनी बारकाईने रेखाटल्या. एका बाजूस आडव्या काठ्यांवर तोल सांभाळणारा ओंडका बांधलेल्या होड्यांचे प्रकार त्यांनी बेटाबेटाप्रमाणे वेगळे टिपले. त्या काळी युरोपातील बहुसंख्य लोक या नौकांकडे रानटी माणसांची ओबडधोबड साधने म्हणून पाहात. पारीस यांनी पट्टी लावली, आकडे मांडले, तेव्हा त्यांना दिसून आले की लोखंडाचा खिळाही न वापरता, दगडाच्या व शिंपल्याच्या हत्यारांनी घडविलेल्या या होड्यांमागे पुष्कळ पिढ्यांचा विचार उभा आहे. निंदा करण्यास डोळे पुरतात. कदर करावयाची तर मोजमाप करावे लागते, हा धडा आमच्या मते त्यांनी येथेच घेतला.

परत येताच ते पुन्हा निघाले. १८२९ च्या अखेरीस ‘फाव्होरित’ नावाच्या जहाजावर कॅप्टन लाप्लास यांच्या हाताखाली त्यांची नेमणूक झाली, आणि १८३२ पर्यंत चाललेल्या या प्रदक्षिणेत त्यांनी हिंदुस्थानचा पूर्वकिनारा, मलाया, फिलिपाइन्स व चीनचा समुद्र पाहिला. मद्रास व पाँडिचेरी येथे त्या काळी जहाजास थेट धक्क्याला लागण्याची सोय नव्हती. जहाजे दूर उभी राहात आणि मोठमोठ्या लाटांतून माणसे व माल किनाऱ्यास आणण्याचे काम मसुला नावाच्या होड्या करीत. या होड्यांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसून काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असत. लाट आदळली की शिवलेली होडी किंचित लवते आणि पुन्हा पूर्ववत् होते. खिळ्यांनी ताठ केलेली होडी त्याच आघाताने फुटते. विलायती जहाजाची भक्कम नाव जेथे हतबल होई, तेथे काथ्याच्या शिवणीने शेकडो माणसांचे प्राण राखले. पारीस यांनी या होडीचे बांधकाम टाक्यांसकट चित्रात उतरविले.

तिसरी प्रदक्षिणा १८३७ ते १८४० या काळात ‘आर्तेमीज’ या जहाजावर, पुन्हा लाप्लास यांच्याच हाताखाली झाली. हिंदुस्थानच्या दौऱ्यात पाँडिचेरीच्या परिसरातील एका कारखान्यातील यंत्र पाहात असता त्यांचा डावा हात दातेरी चाकांत सापडला. हात वाचला नाही. तिशी नुकतीच ओलांडलेली, दर्यावर्दीचा पेशा, आणि दोर ओढण्यास, शिडी चढण्यास, कागद दाबून धरण्यासही दुसरा हात नाही! एखाद्याने पेन्शन घेऊन घरचा रस्ता धरला असता तर त्यास कोणी बोल लावला नसता. पारीस यांनी सफर सोडली नाही, पुढे आरमारही सोडले नाही आणि चित्र काढणेही थांबविले नाही. उजव्या हाताने ते रेखाटत राहिले. आपल्या ज्ञातीत करवतीने वा यंत्राने बोटे गेलेले कारागीर आपणांस परके नाहीत. त्यांतील कित्येकांनी उरलेल्या बोटांनी संसार उभे केले आहेत. त्यांना पारीस यांच्या या निश्चयाचे मोल अधिक सांगावयास नको.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. मुंबईपासून मलबारपर्यंत ज्या गलबतांनी पिढ्यान्‌पिढ्या नारळ, काथ्या, तांदूळ, मीठ व लाकूड वाहिले, त्यांत फत्तेमारीचे नाव अग्रभागी आहे. कोणी तिला पत्तेमारीही म्हणतात. पारीस यांनी आमच्या पश्चिम किनाऱ्यावरील या नौकेची मापे घेतली व तिचे रेखाटन केले. लांब, पुढे झेपावणारी कलती नाळ. पुढे झुकलेल्या डोलकाठ्या. त्यांवर तिरप्या परबाणाला बांधलेली मोठी त्रिकोणी शिडे. आणि सागवानाचे अंग. हे रूप आपल्यापैकी वृद्ध मंडळींच्या डोळ्यांसमोर अद्याप असेल. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रे आली, शिडे उतरली आणि फत्तेमारी किनाऱ्यावरून दिसेनाशी झाली. आज एकोणिसाव्या शतकातील फत्तेमारी नेमकी कशी होती हे ज्यास जाणून घ्यावयाचे असेल, त्यास एका फ्रेंच अधिकाऱ्याची चित्रे उघडावी लागतात. यांत अभिमान वाटावा असेही आहे आणि मान खाली घालावी असेही आहे.

मापे घेतली म्हणजे काय केले, हे थोडे स्पष्ट करून सांगितले पाहिजे. घराचा नकाशा काढणे सोपे, कारण भिंती सरळ असतात. नौकेत सरळ रेषा जवळजवळ नसतेच. म्हणून तिची तीन चित्रे काढावी लागतात: एक बाजूने पाहिलेले, एक वरून पाहिलेले आणि एक समोरून पाहिलेले. नौकेच्या लांबीवर ठराविक अंतरांवर खुणा करावयाच्या, प्रत्येक खुणेपाशी रुंदी व उंची निरनिराळ्या पातळ्यांवर मोजावयाची आणि ते बिंदू बाकदार रेषांनी जोडावयाचे. तिन्ही चित्रांतील प्रत्येक बिंदू एकमेकांशी जुळला पाहिजे. एका चित्रात एक बोट चूक झाली तर दुसऱ्या चित्रात ती उघडी पडते. हे काम पारीस यांनी कित्येकदा परक्या किनाऱ्यावर, भाषा न कळणाऱ्या लोकांत, जहाज सुटण्याच्या घाईत केले आहे.

चित्र पुरे झाले तरी परीक्षा बाकी राहते, आणि ती परीक्षा म्हणजे लाकडी प्रतिकृती. शाळेत प्रमाणाचे गणित शिकविताना मुले कंटाळतात असा आमचा अनुभव आहे. त्या मुलांपुढे एखादी लहान नौका ठेवली तर कंटाळा पळून जाईल. वीस मीटर लांबीची फत्तेमारी पन्नासास एक या प्रमाणात केली, तर ती चाळीस सेंटिमीटर होते. पाच सेंटिमीटर जाडीची फळी एक मिलिमीटर होते. अडीच सेंटिमीटरचा दोर अर्ध्या मिलिमीटरचा होतो. लांबी पन्नास पटीने कमी झाली, म्हणजे शिडाचे क्षेत्रफळ अडीच हजार पटीने आणि अंगाचे घनफळ सव्वा लाख पटीने कमी होते. एवढ्या लहान अंगावर प्रत्येक वाक, प्रत्येक फळी, प्रत्येक कप्पी आपल्या जागी यावी लागते. जाड रेषेच्या लाकडाचा येथे उपयोग नाही. नासपतीसारखे दाट व बारीक रेषेचे लाकूड युरोपातील कारागीर यासाठी वापरतात. काही प्रतिकृती ठोकळ्यातून कोरून काढतात. परंतु उत्तम प्रतिकृती खऱ्या नौकेच्याच क्रमाने होते. आधी पठाण, मग नाळ, मग वाका, मग फळ्या. चित्रात लबाडी असेल तर फळी बसत नाही. कागदावर खपून गेलेली चूक लाकूड पत्करत नाही. म्हणूनच पूर्वीचे जहाजबांधणीतज्ज्ञ राजापुढे अगर आरमारी मंडळापुढे नव्या जहाजाची प्रतिकृती ठेवीत आणि ती पाहून खर्चाचा निर्णय होई.

पारीस यांचा पहिला मोठा ग्रंथ १८४० नंतरच्या लगतच्या वर्षांत पॅरिस येथे प्रसिद्ध झाला. युरोपाबाहेरील लोकांच्या नौकाबांधणीवरील हा ग्रंथ असून त्याच्या जोडीस शंभराहून अधिक मोठ्या चित्रपृष्ठांचा संग्रह आहे. अरबस्तान, मलबार, कारोमांडल, सिंहलद्वीप, बंगाल, मलाया, कोचीन-चीन, चीन, फिलिपाइन्स, प्रशांत महासागरातील बेटे व अमेरिका एवढा त्याचा विस्तार आहे. त्यांत नुसती सुंदर चित्रे नाहीत. मापे आहेत, आडवे छेद आहेत, शिडांची मांडणी आहे, फळ्या कशा जोडल्या हे आहे. सुताराने ती चित्रे पाहिली तर त्यास नौका बांधता यावी, या दृष्टीने ती काढलेली आहेत. चित्रकार नौकेचे रूप काढतो. पारीस यांनी तिची रचना काढली.

येथे वाचकांस एक विसंगती दिसेल आणि तीच या चरित्रातील मर्माची गोष्ट आहे. शिडाच्या नौकांवर एवढे प्रेम करणारा हा पुरुष पेशाने वाफेच्या जहाजांचा पुरस्कर्ता होता. ‘आर्किमेद’ या वाफेच्या जहाजाचे आधिपत्य त्यांनी केले. बाँफू या अधिकाऱ्याच्या साहाय्याने शिडाच्या व वाफेच्या जहाजांचा मोठा कोश तयार केला. पाण्याखाली फिरणाऱ्या पंख्यावर, म्हणजे ज्याने शिडास कायमची रजा दिली त्या यंत्रावर, स्वतंत्र ग्रंथ लिहिला. क्रिमियन युद्धात त्यांच्याकडे ‘फ्लूरूस’ या युद्धनौकेचे आधिपत्य होते. १८६३ मध्ये फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचे ते सभासद झाले, १८६४ मध्ये व्हाइस ॲडमिरल झाले आणि त्याच वर्षापासून आरमारी नकाशांच्या खात्याचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. नव्या यंत्राचा त्यांनी कधी द्वेष केला नाही. ज्या यंत्राने त्यांचा हात घेतला, त्या यंत्राचाही नाही. परंतु नवे आणताना जुने किती वेगाने नाहीसे होते, हे जवळून पाहणाऱ्यासच प्रथम कळते. नव्याचे स्वागत आणि जुन्याची नोंद ही दोन्ही कर्तव्ये एकाच मनुष्यास पार पाडता येतात, याचे ते मूर्तिमंत उदाहरण होत.

१८७१ हे वर्ष पॅरिसला अत्यंत दुर्दैवाचे गेले. प्रशियाच्या सैन्याचा वेढा नुकताच उठला होता. त्यापाठोपाठ शहरात यादवी माजली आणि मे महिन्यात लूव्र राजवाड्याला लागून असलेला त्युइलरी राजवाडा जळून खाक झाला. लूव्र सुदैवाने बचावले. त्याच वास्तूत आरमारी संग्रहालय होते आणि त्याच वर्षी त्या संग्रहालयाचे अध्यक्षपद पारीस यांच्याकडे आले. पासष्ट वर्षांचे वय, म्हणजे सामान्य मनुष्य विश्रांती घेतो ते. पारीस यांचे उत्तम कार्य येथून पुढे बावीस वर्षे चालले.

या संग्रहालयाचा पूर्वेतिहास थोडक्यात असा. द्युआमेल द्यु मोन्सो नावाच्या विद्वानाने आपल्याजवळील जहाजांच्या व बंदरी यंत्रांच्या प्रतिकृतींचा संग्रह १७४८ मध्ये राजा पंधरावा लुई यास अर्पण केला. जहाजबांधणीच्या विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी तो लूव्रमध्ये मांडण्यात आला. पुढे १८२७ मध्ये दहाव्या चार्ल्सच्या आज्ञेने तेथे आरमारी संग्रहालय स्थापन झाले. तेथे राजांची भव्य जहाजे होती, सोन्याचा मुलामा दिलेले कोरीव काम होते. पारीस यांनी त्याच दालनांत कोळ्याची होडी आणली. ब्रिटनीच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांची नाव, चिनी जंक, अरबी बगला, प्रशांत महासागरातील जोडहोडी व हिंदुस्थानची गलबते यांच्या प्रतिकृती संग्रहालयाच्या कारखान्यात, त्यांच्या रेखाचित्रांवरून, प्रमाणशीर तयार होऊ लागल्या. राजाच्या तीन मजली युद्धनौकेशेजारी सामान्य कोळ्याची होडी तितक्याच अदबीने मांडली जावी, ही गोष्ट लहान नव्हे. ज्यास हातकामाची किंमत कळते, तोच असे करू शकतो.

एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. प्रतिकृती आगीत सापडू शकते. छापलेले चित्र शंभर ठिकाणी राहते. म्हणून १८८२ पासून त्यांनी निरनिराळ्या देशांच्या व काळांच्या नौकांचे आराखडे मोठ्या आकाराच्या चित्रपृष्ठांत क्रमशः प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. जुन्या वल्हवायच्या युद्धनौकांपासून आपल्या काळच्या मच्छीमार होड्यांपर्यंत सर्वांस त्यांनी त्यांत स्थान दिले. १८८३ मध्ये लूव्रमधील संग्रहालयाच्या वर्णनाचा ग्रंथही त्यांनी प्रसिद्ध केला. ऐंशी वर्षे उलटली तरी काम चालूच होते. ८ एप्रिल १८९३ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, पॅरिस येथे त्यांचे देहावसान झाले. आराखड्यांचा शेवटचा भाग त्यांच्या पश्चात् १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हापासून आजतागायत जगभर ऐतिहासिक शिडाच्या नौकांच्या प्रतिकृती करणारे हौशी व व्यावसायिक कारागीर त्यांच्या आराखड्यांचा आधार घेत आले आहेत. त्यांचे संग्रहालय पुढे लूव्रमधून शैयो राजवाड्यात गेले; दुरुस्तीसाठी काही वर्षे बंद राहून २०२३ मध्ये ते पुन्हा उघडले.

थोर पुरुषाचे चरित्र लिहिताना त्याच्या कार्याची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर ते चरित्र न राहता स्तोत्र होते. पारीस ज्या जहाजांतून आले, ती जहाजे होड्या मोजण्यासाठी धाडलेली नव्हती. व्यापार, नकाशे आणि साम्राज्याचा दरारा हे त्यांचे हेतू होते, आणि त्या तोफांच्या छायेतच ही मापे घेतली गेली. दुसरी गोष्ट आम्हांस अधिक बोचते. त्यांच्या चित्रांखाली नौकेची जात दिलेली असते, किनाऱ्याचे नाव दिलेले असते. ती नौका कोणी बांधली हे मात्र नसते. त्या फत्तेमारीचा पठाण कोणी निवडला, तिच्या वाका कोणी तासल्या, त्या कारागिराचे गाव कोणते, हे आता कधीही कळणार नाही. त्यास आपण दोष द्यावयाचा तर आधी आपल्याकडे पाहावे. त्या कारागिराच्या नातवंडांनीही ते लिहून ठेवले नाही.

मोजमाप न ठेवल्याचा परिणाम काय होतो, याचा दाखला आपल्याच काळात घडला आहे. प्राचीन हिंदी नौका पुन्हा बांधावी, असे अलीकडे ठरले. काथ्याने फळ्या शिवण्याची विद्या केरळात काही कारागिरांच्या हाती शिल्लक होती, हे नशीब. परंतु नौकेचा आराखडा कोठेच नव्हता. तेव्हा अजिंठ्याच्या लेण्यातील पाचव्या शतकाच्या भित्तिचित्रावरून तिचा आकार ठरवावा लागला, आणि मद्रासच्या तंत्रशास्त्र संस्थेत लहान प्रतिकृतीच्या साहाय्याने पाण्यातील चाचणी घ्यावी लागली. केरळचे कसबी कारागीर बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखाली गोव्यात ही शिवलेली नौका तयार झाली, आणि २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ‘कौंडिण्य’ या नावाने ती भारतीय नौदलात दाखल झाली. हे कार्य अभिनंदनीय आहे यात शंका नाही. पण विचार करा : चित्रकाराने भिंतीवर सहज काढलेल्या गलबताचा आधार घ्यावा लागला, कारण ज्यांनी प्रत्यक्ष गलबते बांधली त्यांचे माप कोणी घेतले नव्हते. या वेळी निदान मुख्य कारागिराचे नाव तरी नोंदले गेले, ही समाधानाची गोष्ट.

आता प्रश्न आपल्यापुरता उरतो. आपल्या किनाऱ्यावर आज फायबरच्या होड्या होतात. लाकडी होडी बांधणारे हात थोडे राहिले आहेत आणि जे आहेत ते थकत चालले आहेत. आपल्या ज्ञातीतील मुले इंजिनियर झाली, कारकून झाली, परदेशी गेली. त्याचे आम्हांस वाईट वाटत नाही. मुलांनी शिकावे म्हणूनच आमच्यासारख्यांनी खडू झिजविला. पारीस यांनीही वाफेच्या जहाजावर चढण्यास नकार दिला नव्हता. परंतु नव्या धंद्यात जाताना जुन्याची नोंद करून जाणे हे वारसाचे काम आहे, आणि ते करण्यास ॲडमिरल असावे लागत नाही.

म्हणून आमची ज्ञातिबांधवांस एक साधी सूचना आहे. येत्या सुटीत ज्यांचे गाव किनाऱ्यावर आहे त्यांनी तेथे एखादी जुनी लाकडी होडी शोधावी, मग ती वापरात असो की वाळूत पडलेली असो. तिच्या लांबीवर दर अर्ध्या मीटरवर खडूने खूण करावी. प्रत्येक खुणेपाशी रुंदी आणि उंची मोजून वहीत लिहावी. छायाचित्रे घ्यावी, पण छायाचित्रावर विसंबू नये. छायाचित्रात माप नसते. घरातील वृद्धांस प्रत्येक भागाचे नाव विचारावे व ते ज्या शब्दांत सांगतील त्याच शब्दांत टिपावे, कारण होडीबरोबर तिचे शब्दही बुडत आहेत. ज्यांच्या हातास सवय आहे त्यांनी त्या मापांवरून वीसास एक या प्रमाणात प्रतिकृती करावी. सहा मीटरची होडी तीस सेंटिमीटर होईल. कारखान्यात वाया जाणाऱ्या सागवानाच्या चिपांतून ती निघेल. बापाने वाका तासाव्या, मुलाने हिशेब करावा. अशा दहा प्रतिकृती जरी जमल्या, तरी आपल्या संस्थेच्या कपाटात त्या ठेवण्यास जागा काढता येईल, आणि कोणत्याही चषकाहून त्या कपाटास अधिक शोभा आणतील.

पारीस यांच्याकडून आपण मापाचा काटेकोरपणा घ्यावा, हात गेल्यावरही न सुटलेली चिकाटी घ्यावी, आणि कोळ्याची होडी राजाच्या जहाजाशेजारी मांडणारी समदृष्टी घ्यावी. त्यांच्या हातून जे राहून गेले, ते मात्र आपणच पुरे करावयाचे आहे. प्रत्येक प्रतिकृतीच्या पाटावर होडीची जात आणि गाव लिहावेच. त्याखाली, ज्याने मूळ होडी बांधली त्याचे नाव, त्याच्या वडिलांच्या नावासह, स्वच्छ अक्षरांत लिहावे.